मूक परीक्षानळी

कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरम् येथे राहूच्या मूर्तीवर ओतलेले दूध निळे होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पालटलेला रंग काही सांगतो, असे विषाचा शोध घेणारा रसायनज्ञही मानतो. पण रंग पालटलाच नाही, तर?

१९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे मुंबईच्या इस्पितळात निवर्तल्या. रासायनिक तपासणीत विष आढळले नाही. तरीही, त्यांना तेथे खोट्या नावाने दाखल करणारे, मृत्यूनंतर त्या जिवंत असल्याची पत्रे रचून त्यांची संपत्ती बळकावणारे डॉ. अनंत लागू यांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये कायम केली. तीन न्यायमूर्तींपैकी एकाने मात्र भिन्न मत नोंदविले.

काही विषे माग ठेवीत नाहीत. तेव्हा प्रयोगशाळेचे मौन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला मानला, तर जाणता मारेकरी कायमचा सुटेल. परंतु वर्तनावरून विष सिद्ध मानावयाचे, तर एखादा निव्वळ लबाड माणूसही फासावर जाईल. बहुमताचा निर्णय मला पटतो. तरी त्या एका न्यायमूर्तींची शंका मला न्यायाचाच भाग वाटते. विज्ञान मूक राहते, तेथे निर्णयाचा भार माणसाच्या विवेकावर पडतो, आणि तो हलका वाटू नये.