साधेपणाची किंमत

गेल्या उपवासकाळात गोरेगावच्या आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मासिकातील काही छायाचित्रे आमच्यापुढे ठेवली. निवृत्तीनंतर समुद्रकाठी घर बांधावे असा त्यांचा मानस होता. "फादर, भपका नाही, रंगरंगोटी नाही, माडांच्या सावलीत दोन लाकडी वास्तू. ख्रिस्ती साधेपणा म्हणतात तो हाच ना?" त्यांनी विचारले. आम्ही घाईने होकार दिला. तो होकार नंतर आम्हांला टोचू लागला. म्हणून हे चिंतन.

छायाचित्रातील घर रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नांदगाव येथे आहे. वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने ते २००७ साली उभारले आणि २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्कारासाठी निवडलेल्या वास्तूंच्या यादीत त्याची गणना झाली. ऐनाच्या लाकडाचा सांगाडा, जुन्या सुतारी पद्धतीने एकमेकांत बसवलेले सांधे, जोत्याला काळा दगड, आणि ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांच्या भिंती. या पट्ट्यांमधून समुद्राचा वारा आत खेळतो, ऊन मात्र गाळून येते. पाणी वाडीतल्याच विहिरींचे. घर झाडांना हटवत नाही. झाडांमध्ये अंग चोरून उभे राहते. निर्मात्याच्या सृष्टीपुढे माणसाने असेच नम्र व्हावे, हे कोणाला पटणार नाही?

तरीही प्रश्न उरतोच. शहरात एक घर असताना दुसरे घर, त्यासाठी माडांची अख्खी वाडी, आणि वर्षातून मोजके दिवस तेथे वास्तव्य. एवढे सारे गाठीशी असल्यावर भिंतीला रंग न देणे म्हणजे साधेपणा काय? आपल्याकडे म्हणतात, 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. डोळ्यांना उपवास दिसतो. पोट मात्र भरलेलेच असते.

कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांची घरे खरी साधी होती. वसईच्या वाड्यांतील घरे आठवावीत : पुढे ओटी, वर कौले, मागे केळीची बाग, आणि पावसाचे गोडे पाणी साठवणारे बावखल. त्या बावखलामुळे भोवतालच्या विहिरींना पाझर राही आणि खारे पाणी दूर राही. पण या स्मरणात आपण गोडवा अधिक घालतो. कौले गळत, शेणाने जमीन सारवता सारवता आमच्या आयांची कंबर मोडे. त्यांनी साधेपणा निवडला नव्हता. तो त्यांच्या वाट्याला आला होता. दारिद्र्य आणि दारिद्र्याचे व्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सेमिनरीत आम्हांला पहिल्यांदा शिकवले गेले. व्रत स्वेच्छेने घेतले जाते, म्हणूनच त्याचे मोल. परंतु आपण जे सोडले ते दुसऱ्या कोणाच्या हाती पडले तरच ते मोल खरे.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५८ वा अध्याय उपवासाविषयी आहे, आणि आश्चर्य असे की तो घराविषयीही आहे. परमेश्वराला प्रिय असलेला उपवास कोणता? भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटा देणे, आणि निराश्रिताला आपल्या घरात घेणे. म्हणजे उपवासाची कसोटी आपल्या रिकाम्या ताटावर होत नाही. शेजाऱ्याच्या भरलेल्या ताटावर होते. घराच्या साधेपणालाही हीच कसोटी लावावी, असे आम्हांला वाटते. ते किती उघडेबोडके दिसते हे पाहू नये. त्याने शेजाऱ्याकडून काय घेतले आणि त्याला काय ठेवले, हे पाहावे.

आपल्या गोरेगावला हा धडा पाण्याने शिकवला आहे. आरेच्या टेकड्यांतून येणारी ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते. त्या वाटेवरच्या दलदलींवर आणि तिवरांच्या जागी भराव घालून आपण वस्ती वाढवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत ठिकठिकाणी पाणी शिरले ते तळमजल्यांत आणि झोपड्यांत. वरच्या मजल्यावरचे आपण खिडकीतून पाहत राहिलो. खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा प्रभू येशूचा दाखला आम्ही आजवर एका घरमालकाच्या शहाणपणाचा म्हणूनच सांगत आलो. आता मनात येते : माझ्या खडकाला आपटून वळलेले पाणी कोणाच्या घरात जाते?

देणारी वास्तू कशी असते, हे पाहण्यासाठी दूर जायला नको. दादरचे पोर्तुगीज चर्च, म्हणजेच तारणमातेचे मंदिर, १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी नव्याने रचले. छताखालच्या जागा आणि आकाशाखालची अंगणे तेथे एकमेकींत मिसळतात. उंच काँक्रीटच्या कवचांतून तापलेली हवा वर निघून जाते. मुंबईच्या दमट हवेशी न भांडता ते उभे आहे. आणि तेथील सावली एकट्याच्या मालकीची नाही. मिस्सेला येणाऱ्या कोणालाही ती मिळते.

मग सदनिकेत राहणाऱ्यांनी काय करावे? गॅलरी बंद करून खोली वाढवणाऱ्या कुटुंबाला आम्ही दोष देणार नाही. एका खोलीत सहा माणसे राहतात तेव्हा वाऱ्यापेक्षा अंथरुणाची जागा मोठी असते. पण ज्यांना पुरेसे आहे, त्यांनी जिन्यातली वाट अडवू नये, आवारातले झाड वाहनासाठी पाडू नये, शेजाऱ्याचा उजेड झाकू नये. हेही व्रतच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात शब्द देह झाला आणि आपल्यात राहिला, असे येते. तेथील 'राहिला' या मूळ ग्रीक क्रियापदाचा संबंध तंबू ठोकण्याशी आहे. देवपुत्राने पृथ्वीवर घर केले तेही तंबूसारखे. जमिनीवर हक्क न सांगणारे.

त्या गृहस्थांना आम्ही पुन्हा भेटलो आणि आमचा होकार मागे घेतला. नकारही दिला नाही. एवढेच म्हटले : "जागा घेण्याआधी गावच्या विहिरीवर जाऊन या. उन्हाळ्यात तिला किती पाणी असते आणि कोळी बांधवांची होडीकडे जायची वाट कोठून जाते, ते विचारा. मग घर बांधाल, तर आशीर्वाद द्यायला आम्ही येऊ."