विद्यादानाच्या अटी

पैठणच्या संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली. परंपरा सांगते, की तिचे सुरुवातीचे अध्याय काशीला पोहोचले आणि तिथल्या पंडितांनी नाथांना जाब विचारला: शास्त्र लोकभाषेत आणून सर्वांपुढे ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? नाथ मागे हटले नाहीत. १५७३ मध्ये त्यांनी तो ग्रंथ काशीतच पूर्ण केला.

ज्ञान कुठवर जावे हे कुणी ठरवायचे, हा प्रश्न चार शतकांनी अमेरिकेत एका फ्लॉपीमुळे पुन्हा उभा राहिला. ब्रूस श्नायर यांच्या ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ या पुस्तकात संदेश कूटबद्ध करणारे प्रोग्राम छापलेले होते. १९९४ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने पुस्तक परदेशी पाठवायला हरकत घेतली नाही. तेच प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवले, तेव्हा मात्र ती युद्धसामग्री ठरली. २००० साली हे नियम बरेच सैल झाले. निर्बंध लादलेल्या देशांच्या याद्या राहिल्याच.

गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानात परतफेडीची अपेक्षा नको म्हणतो आणि देश, काल, पात्र पाहायलाही सांगतो. दानाला विवेक हवाच. पण पासपोर्ट पाहून पात्रता कशी कळणार? शिकायची आस असलेली मुलगी तिच्या सरकारच्या करणीमुळे अपात्र का ठरावी?

सगळ्याच अटी मात्र वाट अडवणाऱ्या नसतात.

छत्रपती संभाजीनगरहून कुणी परदेशातल्या शाळेला मुक्त सॉफ्टवेअरची डिस्क पाठवली, आणि त्यातले प्रोग्राम १९९१ च्या जीपीएल परवान्याखालचे असले, तर सोबत सोर्स कोड द्यावा लागतो, नाहीतर तो पुरवण्याचे किमान तीन वर्षांचे लेखी वचन. प्रोग्राम बदलला असेल, तर तसे नोंदवावे लागते. डिस्क फुकट दिली म्हणून यातून सुटका नाही.

नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा तीत कुणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. जीपीएल त्याहून मोकळा आहे: बदल करा, पण लपवू नका. दोन्हींमागची काळजी एकच. पुढच्या माणसाच्या हाती काय आले, हे त्याला खरेखुरे कळले पाहिजे.

म्हणून पाठवणाऱ्याने कस्टम्सचे घोषणापत्र खरे भरावे, परवान्याची प्रत पाकिटात घालावी. आणि जिथे कायदा घेणाऱ्या माणसाऐवजी फक्त त्याचा देश पाहून पाकीट अडवतो, तिथे तो कायदा बदलावा म्हणून उघड मागणी करणे, हेही विद्यादान करणाऱ्याचे कर्तव्यच आहे.