तेरा कप्प्यांची खोली

2002 साली कॅनडातल्या व्हँकूव्हरचे महापौर फिलिप ओवेन यांना त्यांच्याच पक्षाने पुन्हा उभे केले नाही. हा पक्ष उजवीकडे झुकलेला, व्यापारी आणि सुखवस्तू मोहल्ल्यांच्या मतांवर चालणारा. ओवेनही त्याच वर्गातले. त्यांचे वडील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. शहराच्या सर्वांत गरीब भागात, डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये, फुटपाथवर हेरॉइन टोचून घेणाऱ्यांशी ते स्वतः जाऊन बोलले. प्रतिबंध, उपचार, पोलिसी कारवाई आणि नशेतून होणारी हानी कमी करणे, अशा चार खांबांचे धोरण त्यांनी 2001 मध्ये शहरासमोर ठेवले. चौथ्या खांबाने त्यांचे राजकारण संपवले. त्यांच्या जागी विरोधी आघाडीचे लॅरी कॅम्पबेल आले. ते आधी पोलिसांत होते आणि पुढे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी झाले. व्यसनाने मेलेल्यांची प्रेते त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली होती. सप्टेंबर 2003 मध्ये ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर 'इनसाइट' हे देखरेखीखाली नशा टोचून घेण्याचे उत्तर अमेरिकेतले पहिले अधिकृत केंद्र उघडले.

अमली पदार्थांच्या प्रश्नात डावे-उजवे या नकाशाने फारसे काही सापडत नाही, हे मला या हकिगतीवरून पटले. पुढची वीस वर्षे तेच सांगतात. कॅलिफोर्नियात अशी केंद्रे सुरू करू देणाऱ्या विधेयकावर 2022 मध्ये नकाराधिकार वापरला तो डेमोक्रॅट गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी. मेलबर्नच्या मध्यवस्तीतले नियोजित केंद्र 2024 मध्ये रद्द केले ते लेबर सरकारने. माणूस कुठल्या पक्षाचा आहे यापेक्षा त्याने काय जवळून पाहिले आहे आणि निवडणूक किती जवळ आली आहे, यावर त्याची भूमिका जास्त ठरते.

या केंद्रांवर बोलणाऱ्या अनेकांना तिथे नेमके काय चालते, हे माहीत नसते. सरकार तिथे नशा वाटत नाही. माणूस आपला माल बाहेरून, बेकायदा बाजारातून घेऊन येतो. त्याला निर्जंतुक सुई, पाणी आणि दंडाला बांधायची पट्टी मिळते. इनसाइटमध्ये आरसे लावलेले तेरा कप्पे आहेत, त्यातल्या एकात तो बसतो आणि स्वतःच टोचून घेतो. नर्स टोचत नाही, ती लक्ष ठेवते. श्वास मंदावला तर प्राणवायू देते, गरज पडली तर नॅलोक्सोनचे इंजेक्शन देते. ते अफूजन्य पदार्थांचा परिणाम काही मिनिटांत उलटवते. नंतर माणूस शेजारच्या खोलीत थोडा वेळ बसतो. कुणी जखमेवर मलमपट्टी करून घेतो, तर एखादा व्यसन सोडायचे विचारतो. तशांसाठी 2007 पासून वरच्या मजल्यावर सोय झाली. या खोलीत लाखो वेळा सुया टोचल्या गेल्या, हजारो वेळा ओव्हरडोस झाले, पण ओव्हरडोसने एकही माणूस तिथे मेलेला नाही.

कॅनडाच्या केंद्र सरकारने, म्हणजे स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने, ही खोली बंद करायचा प्रयत्न केला. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. 30 सप्टेंबर 2011 रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी इनसाइटच्या बाजूने निकाल दिला. इनसाइटला अमली पदार्थांच्या कायद्यातून सवलत नाकारण्याचा मंत्र्यांचा निर्णय मनमानी असून त्याने माणसांच्या जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काचा भंग होतो, असे मुख्य न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅकलॅकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, इनसाइट उघडल्यावर त्याच्या 500 मीटरच्या परिघात ओव्हरडोसचे मृत्यू 35 टक्क्यांनी घटले होते. उरलेल्या शहरात ती घट 9 टक्क्यांच्या आसपास होती.

तरीही शेजारच्याची तक्रार खोटी नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण केंद्रांचे समर्थक ते पुरेसे प्रामाणिकपणे बोलत नाहीत. मुलाला शाळेत सोडताना एखाद्या आईला रोज फुटपाथवर वापरलेली सुई दिसत असेल, दुकानाच्या पायरीवर कुणी बेशुद्ध पडलेले असेल, गिऱ्हाइकाच्या वाटेवर विक्रेते घुटमळत असतील, तर त्या आईला संशोधनाचे निष्कर्ष वाचून दाखवणे हा उद्दामपणा आहे. जुलै 2023 मध्ये टोरांटोच्या साउथ रिव्हरडेल भागात अशा केंद्राबाहेर माल विकणाऱ्यांच्या भांडणात गोळीबार झाला आणि तिथून चाललेली दोन मुलांची आई मेली. त्यानंतर तिथल्या रहिवाशांनी जे विचारले ते विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांना 'निर्दय' म्हणून गप्प करणाऱ्यांनी केंद्रांचेच नुकसान केले. दुकानदार, पालक आणि पोलीस यांच्याशी रोज बोलणे, आवारात विक्री होऊ न देणे, सकाळ-संध्याकाळ सुया गोळा करणे ही कामे सुई देण्याइतकीच केंद्राची आहेत.

पण त्या तक्रारीवर, टोरांटो ज्या प्रांतात येते त्या ऑन्टारिओच्या डग फोर्ड सरकारने जे उत्तर काढले ते मला चूक वाटते. शाळा आणि पाळणाघरांपासून 200 मीटरच्या आत केंद्र नको, असा कायदा 2024 च्या अखेरीस झाला आणि दहा केंद्रांवर 31 मार्च 2025 पर्यंत बंद होण्याची वेळ आली. त्यांच्या जागी निवारा आणि व्यसनमुक्तीची केंद्रे उभारायचे ठरले. निवारा हवाच, उपचार तर हवेतच. मात्र नव्या केंद्रांत देखरेखीची खोली नाही, सुयाही नाहीत. म्हणजे जो आज सोडायला तयार नाही, त्याने तयार होईपर्यंत गल्लीत थांबायचे. तो शहरातून कुठे गेलेला नाही. तो त्याच पायरीवर, त्याच बागेत आहे आणि आता त्याच्याजवळ नर्स नाही.

खोलीकडून दोन्ही बाजूंनी अवास्तव अपेक्षा केल्या. समर्थकांनी रस्ते सुधारतील असे भासवले. विरोधकांनी रस्त्यांच्या दुर्दशेचे खापर तिच्यावर फोडले. व्हँकूव्हरमध्ये घरभाडे परवडत नाही, मनोरुग्णांना खाट मिळत नाही आणि फेंटानिल या कृत्रिम अफूजन्य पदार्थाने अख्खा बाजार विषारी केला आहे, यातले तेरा कप्प्यांमुळे काय झाले? ब्रिटिश कोलंबियात 2023 या एका वर्षात विषारी मालाने 2,500 हून अधिक माणसे मेली. आता नशा करणाऱ्यांतली बरीच माणसे टोचत नाहीत, धूर ओढतात. ही केंद्रे मुळात टोचणाऱ्यांसाठी बांधलेली आहेत. ही उणीव दुरुस्त करता येते, पण ती मान्य करावी लागते.

व्यसनमुक्तीवर विश्वास ठेवणाऱ्यांचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. 1986 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने आपल्याला दाखवले की माणूस यातून बाहेर येतो आणि घरी परततो. ती आस धरणाऱ्यांना वाटते, सुई देणे म्हणजे हार मानणे. मला तसे वाटत नाही. मुक्तांगणच्या दारापर्यंत यायला माणूस जिवंत लागतो, आणि पहिल्या प्रयत्नात सोडणारे थोडेच असतात.

गर्द, म्हणजे हलक्या प्रतीचे हेरॉइन, मराठीत आली तशी तिच्यामागून 'गर्दुल्ला' हा शब्द आला. 'पुलाखाली गर्दुल्ल्यांचा वावर' असे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि तो माणूस कुणाचा भाऊ, कुठल्या गावचा हे विचारत नाही. त्याच्या मरणाची बातमीही सहसा होत नाही. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक नशा टोचून घेतात. आपल्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात त्यांना स्वच्छ सुया आणि व्यसनावरच्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाचे उपचार देण्याची तरतूद आहे. मुंबईतही हे काम चालते. ते करणाऱ्यांना मी मानतो. पण सेवन हा 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कलम 27 खाली अजूनही शिक्षेचा गुन्हा आहे आणि देखरेखीची एकही खोली देशात नाही. सरकारी पैशातून आलेली स्वच्छ सुई खिशात घालून माणूस भिंतीआड एकटाच जातो.