बाजाराची वाट

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा दोरीला अनेक हात लागतात आणि हाती आलेल्या मासळीचे वाटे पडतात. गाबित असो वा दालदी मुस्लिम, कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या कित्येक पिढ्या समुद्रावर जगल्या. पुढे यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी आली आणि पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याची मासळी आटू लागली. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर हंगामाची व क्षेत्राची बंधने घातली. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. तरीही संघर्ष मिटला नाही. दरम्यान, १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गात पर्यटकांची वर्दळ वाढली. काल जाळे टाकणारे हात आज पाहुण्यांना होडीतून किल्ल्यावर नेतात, घरात न्याहरी-निवास चालवतात.

वाचकहो, वाडवडिलांचा व्यवसाय असा हातून सुटला की मनात प्रश्न उभा राहतो : जुने सोडून नवे धरणे हा ईमानचा दुबळेपणा तर नव्हे? सब्र म्हणजे आहे तेथेच बसून राहणे काय?

याचे उत्तर मदीनेत सापडते. हिजरतनंतर मक्केचे व्यापारी एका रात्रीत निर्धन झाले होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मुहाजिर व अन्सार यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांच्यासाठी बरकतीची दुआ केली आणि एवढेच विचारले की बाजाराची वाट कोणती? मग थोड्याशा पनीर व तुपाच्या व्यापारातून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. हाच सब्र आणि हाच तवक्कुल. रोजी देणारा अल्लाह आहे. जाळे, होडी, नोकरी ही केवळ साधने होत. साधन बदलल्याने श्रद्धा ढळत नाही.

परंतु या प्रसंगात माणसे दोन आहेत, हे आपण विसरतो. ज्याचे काम गेले त्याला आपण सब्राचा उपदेश करतो, सअद (रजि.) यांनी उपदेश केला नाही, वाटा देऊ केला. नौकेचा मालक पर्यटनाकडे वळतो, तेव्हा वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबलेल्या खलाशाचे काय? ज्याला नवे काम साधले, त्याने ते शेजाऱ्याच्या मुलाला शिकवले काय? बदलाचा भार सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर टाकून कोणी स्वतःला यशस्वी म्हणवू नये.

आणखी एक कसोटी आहे. साधन बदलावे, हलाल-हरामची मर्यादा मात्र बदलू नये. नफ्यासाठी बंदी असलेले दिवे समुद्रात सोडणे म्हणजे गरीब रापणकराचा घास हिरावणे होय. पाहुण्याच्या आग्रहाखातर घरात मद्य आणणे ही पाहुणचाराची रीत नव्हे. कमाई थोडी असली तरी निर्मळ असावी.

तेव्हा आज घरी बसलेल्या आपल्या भावाकडे जा. त्याला धीर धरण्यास सांगण्यापूर्वी त्याच्याबरोबर बाजाराच्या वाटेवर चार पावले चाला. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि ती वाटून घेण्याची बुद्धी देवो. आमीन.