श्वास कोठे घ्यावा? : रचनाप्रधान संगीत आणि गायकाचे मोठेपण

मोरोपंतांची आर्या वर्गात शिकवणे हे अलीकडे अवघड काम होऊन बसले आहे. समास फोडून दाखवावेत, यमकांची गुंफण उलगडावी, श्लेष समजावून द्यावा आणि एवढे करून विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर उमटावा तो आदर; आनंद नव्हे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तासाला, इंदापूरहून रोज एस. टी.ने बारामतीस येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे प्रोग्रेसिव्ह रॉकसारखं आहे. पहिल्यांदा ऐकलं की नुसती कारागिरीच दिसते." वर्ग हसला. मला हसताही येईना, कारण ते संगीत मी ऐकलेलेच नव्हते. पुढे त्यानेच ते मला ऐकवले आणि काही महिन्यांनी एक प्रश्न विचारला: "यात मोठा गायक कोणाला म्हणायचं? सगळं मोठेपण तर रचनेचंच असतं." त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

ज्या वाचकांचा या संगीताशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉक संगीतातील काही मंडळी तीन-चार मिनिटांच्या गाण्याच्या चौकटीबाहेर पडली. १९६९ साली किंग क्रिम्झन या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका आली. १९७२ साली येस या वृंदाने अठरा मिनिटांहून लांब, तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारी रचना केली. त्याच वर्षी जेनेसिसने सात खंडांची, सुमारे तेवीस मिनिटांची. विषम मात्रांची आवर्तने, पाश्चात्त्य अभिजात संगीतातून उचललेले घाट, पुराणकथांची व आख्यानांची ओढ, आणि वाद्यांचे असे प्रदीर्घ भाग की त्यात गायक मिनिटेच्या मिनिटे गप्प उभा असतो. ख्यालगायनात गायक हा त्या घटकेचा रचनाकारच असतो. बंदिश त्याच्या हाती बीजासारखी असते. चित्रपटगीतात सर्व वाद्ये आवाजाच्या भोवती मांडलेली असतात. येथे यांपैकी काहीच नाही. गायक रचनेचा स्वामी नाही आणि तिचा केंद्रबिंदूही नाही. म्हणून तयारी, गळ्याची फिरत, आवाजाचा गोडवा ही आपली नेहमीची मापे येथे अपुरी पडतात. गोड आवाजाचे पुष्कळ गायक या संगीतात विसरले गेले आहेत.

विद्यार्थ्याने केलेली तुलना मला सुरुवातीस चमत्कारिक वाटली होती. विचार करता ती फार जवळची निघाली. मोरोपंत (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे. नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्यावरील आक्षेप सर्वांना पाठ आहे: पांडित्य फार, काव्य थोडे. १९७६-७७च्या सुमारास इंग्लंडातील पंक संगीताने प्रोग्रेसिव्ह रॉकवर घेतलेला आक्षेप याहून निराळा नव्हता. परंतु आक्षेप घेताना आपण एक गोष्ट विसरतो. मोरोपंत पेशाने पुराणिक होते. पुराण सांगणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि समोर बसलेला श्रोता ही त्यांच्या कवितेची पहिली अट होती. आर्या छापील पानासाठी रचलेली नव्हती. ती कोणीतरी म्हणायची, कोणीतरी ऐकायची, हे गृहीत धरूनच तिची घडण झाली. आज आपण ती केवळ संहिता म्हणून वाचतो आणि मग ती कोरडी आहे अशी तक्रार करतो. गायकाविना प्रोग्रेसिव्ह रॉकची लिखित स्वरलिपी वाचून कोणी असाच निवाडा दिला, तर आपण त्यास काय म्हणू?

आर्येला गायक मिळाला तो अगदी अनपेक्षित दिशेने. सोलापूरचा रामजोशी, तमाशाच्या फडावर गाजलेला लावणीकार, पुढे कीर्तनाकडे वळला आणि त्याने मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून गाऊन लोकप्रिय केल्या, असे आपला वाङ्मयेतिहास सांगतो. या भेटीभोवती आख्यायिकांचे बरेच रान माजले आहे. १९४७च्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटाने त्याला आणखी खतपाणी घातले. त्या आख्यायिका बाजूस ठेवल्या तरी मूळ घटना फार अर्थपूर्ण आहे. पंडित कवीला वाचा देणारा मनुष्य विद्वत्सभेतला नव्हता. तो फडावरचा होता. श्रोता कोठे कंटाळतो, कोठे कान टवकारतो, कोणत्या शब्दावर मान डोलावतो, हे ज्याला अनुभवाने ठाऊक होते असा.

अशा गायकाचे नेमके काम कोणते, हे पाहायचे तर श्वासाकडे पाहावे लागते. मोरोपंतांची आर्या म्हणजे बहुधा गीती. बारा आणि अठरा मात्रांच्या चरणांची. अठरा मात्रांच्या चरणात तीन-चार पदांचा एक समास सहज मावतो, आणि कधी त्या समासाचा विग्रह मनात केल्याखेरीज अर्थच लागत नाही. म्हणणाऱ्याने समासाच्या मध्ये श्वास घेतला की अर्थ तुटला. अर्थासाठी भलत्या जागी थांबला की मात्रांचा तोल गेला. दोन्ही सांभाळायचे तर श्वास कोठे घ्यायचा हे त्याला आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी त्याला आर्या पुरती समजलेली असावी लागते. म्हणजे त्याचा श्वास हेच त्याचे भाष्य. श्रोत्याला विग्रह कोणी सांगत नाही; तो गाणाऱ्याच्या थांबण्यातून आपोआप कळतो. टीकाकाराला जे सांगायला एक परिच्छेद लागतो ते गायक अर्ध्या मात्रेच्या विरामात सांगून जातो. (हे लिहिताना मला थोडा मत्सर वाटतो, हे कबूल केले पाहिजे.)

आता जेनेसिसची ती तेवीस मिनिटांची रचना ऐकावी. तिच्या उत्तरार्धात नवाच्या गतीतले एक आवर्तन आहे. वाद्ये त्यावर दीर्घकाळ चालत राहतात. तालवाद्य एका हिशेबाने, कळवाद्य दुसऱ्या. सामान्य श्रोत्याची मोजणी केव्हाच सुटलेली असते. मग पीटर गेब्रिएलचा आवाज पुन्हा येतो, आणि तो मात्रा मोजत येत नाही. काही निकडीचे सांगायचे असलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा येतो. त्या क्षणी, इतका वेळ निव्वळ गणित वाटलेले आवर्तन हे त्या बोलण्याची पूर्वतयारी होते असे उमजते. रचना सोपी झालेली नसते. नऊ मात्रा नऊच राहतात. श्रोता मात्र तिच्या आत आलेला असतो. येसच्या जॉन अँडरसनची रीत वेगळी. त्याच्या गीतांतील शब्द पुष्कळदा अर्थापेक्षा नादासाठी योजलेले. उंच, स्वच्छ आवाज वाद्यांच्या दाटीवर एक रेघ ओढीत जातो आणि ती रेघ धरून श्रोता अठरा मिनिटे वाट चुकत नाही. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या वृंदाचा पीटर हॅमिल तर गोडव्याची हमीच देत नाही. कुजबुज, किंचाळी, फाटका स्वर, जे रचना मागेल ते तो देतो. माझ्या मते या तिघांत तोच सर्वांत धाडसी. पण पहिल्या ऐकण्यात तो मला असह्य झाला होता, हेही नमूद करतो.

येथवरचे विवेचन केवळ कौशल्याचे आहे, त्यात नैतिक प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. मर्ढेकरांच्या परंपरेत वाढलेला समीक्षक तर म्हणेल की लयीचे संवाद, विरोध, समतोल एवढे तपासले की काम झाले. गायकाच्या सचोटीची चौकशी हा सौंदर्यशास्त्राचा प्रांत नव्हे. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण श्रोत्याच्या स्थितीत आहे. वाचक मागचे पान उलटू शकतो. कीर्तनाला बसलेला श्रोता, किंवा अवघड रचना प्रथमच ऐकणारा श्रोता, रचनेविषयी जे जाणतो ते गायकाच्या तोंडूनच. ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. अशा वेळी गायकाला दोन सोपे मार्ग असतात. अवघड जागा गुळगुळीत करून, कानाला सुखावेल एवढेच पोहोचवावे. किंवा त्या अवघडपणाचाच आपल्या गळ्याच्या प्रदर्शनासाठी उपयोग करावा. टाळ्या दोन्ही मार्गांनी मिळतात. दोन्हींत श्रोत्याची फसवणूक आहे आणि ती त्याला कधीच कळणार नाही. ज्याला फसवणे शक्य आहे आणि ज्याला ते कळणारही नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो हा प्रश्न नीतीचा नसेल तर कोणता?

मात्र येथेच एका घसरड्या जागेपासून सावध राहिले पाहिजे. गायकाने रचनेशी एकनिष्ठ राहावे असे म्हणता म्हणता आपण 'त्याने स्वतःला विसरावे' असे म्हणू लागतो, आणि ही स्तुती संशयास्पद आहे. १९७३च्या जानेवारीत लंडनच्या एका स्टुडिओत पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रिकेसाठी क्लेअर टॉरी हिला बोलावण्यात आले. रिचर्ड राइटच्या पियानोवर, एकाही शब्दाविना, तिने मृत्यूला सामोरे जाणारा तो आक्रोश गायिला. मोबदला तीस पौंड. गायिका म्हणून तिचे नाव मुखपृष्ठावर आले. रचना मात्र एकट्या राइटच्या नावे. स्वरावली तिने तेथल्या तेथे निर्माण केली होती. २००४ साली ती न्यायालयात गेली, २००५ साली तडजोड झाली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागले. मधली तीन दशके तिच्या आवाजाचे कौतुक होतच होते. कौतुक आणि श्रेय या दोन वस्तू किती वेगळ्या असू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

याच्या शेजारी आपला उत्तर पेशवाईतला तमाशा ठेवून पाहावा. होनाजी शिलारखाने हा कवी, बाळा करंजकर हा त्याचा गायक साथीदार. फड दोघांच्या नावाचा, आणि रचनांच्या अखेरची मुद्रा 'होनाजी बाळा'. गायकाचे नाव कवीच्या नावाला जोडून थेट संहितेत शिरले. लोक तर ते एकाच माणसाचे नाव समजतात. यात एक विनोद आहे खरा, परंतु जो न्याय लंडनला २००५ साली सुचला तो पुण्याच्या फडाने दोनशे वर्षे आधी मुद्रेतच करून ठेवला होता. आपण हा वारसा पुढे फारसा चालवला नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. लावण्यांचे संग्रह शाहिरांच्या नावे निघतात. त्या ज्यांच्या गळ्यांनी टिकल्या त्यांची नावे तेथे सहसा सापडत नाहीत. मराठी समीक्षेनेही गाण्याला 'सादरीकरण' हा शब्द देऊन प्रश्न मिटवला. साहित्य एकाचे, ते सादर करणारा दुसरा, जणू निरोप्याच.

या सर्वाला छेद देणारे एक उदाहरण माझ्या दारावरूनच दरवर्षी जाते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी असे टप्पे घेत इंदापुरास येते. काही वर्षे मी बेलवाडीचे गोल रिंगण पाहून पुढे इंदापूरपर्यंत दिंड्यांबरोबर चाललो आहे. तेथे मोठा गायक शोधू गेल्यास सापडत नाही. अभंग उचलणाऱ्याचे कसब एवढेच की त्याने अशी पट्टी धरावी जी मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यालाही झेपेल. फार उंच उचलला तर मागच्या रांगा गप्प होतात, आणि तो समजून घेऊन खाली येतो. शेवटी 'तुका म्हणे' येते आणि गाणारा प्रत्येक जण, हे शब्द माझे नव्हेत, अशी साक्ष स्वतःच्याच तोंडाने देतो. होनाजीच्या मुद्रेत गायक आत घेतला जातो, तुकोबांच्या मुद्रेत तो आदराने बाहेर उभा राहतो. आणि तरीही येथे कोणाचे काही हिरावले गेले असे वाटत नाही, कारण श्रोताच शिल्लक नसतो. सगळेच गातात. फसवायला कोणी उरलेले नसते.

या अनुभवापुढे माझी मांडणी लंगडी पडते का, याचा मी बराच विचार केला. १९७५ साली गेब्रिएल जेनेसिस सोडून गेला, वृंदाने नव्या गायकाचा शोध घेतला आणि अखेर ढोल वाजवणारा फिल कॉलिन्सच पुढे येऊन गाऊ लागला. म्हणजे येथेही गाणे एका कंठाची मिरास नव्हती. पण दिंडीतले गाणे सर्वांना येते म्हणून सर्वांचे असते. ती तेवीस मिनिटांची रचना, किंवा केकावलीतली पृथ्वी वृत्ताची एखादी केका, सर्वांना येणार नाही. तिच्यासाठी कोणीतरी पुढे व्हावे लागते, आणि पुढे झालेल्यावर मग ते सारे ओझे येते, ज्याच्याविषयी मी वर लिहिले. दिंडीची निर्दोषता त्याच्या वाट्याला येत नाही.

गेल्या सत्रात त्या विद्यार्थ्याला मी आर्या मोठ्याने म्हणायला सांगितली. पहिला चरण नीट गेला. दुसऱ्यात समासाच्या मध्यावर त्याचा दम संपला, त्याने श्वास घेतला, आणि आपण काय तोडले हे त्याला ऐकूच आले असावे. तो थांबला. पुस्तकात काही क्षण पाहत राहिला, पेन्सिलीने दोन पदांच्या मध्ये एक बारीक खूण केली, आणि आर्या पहिल्यापासून म्हणू लागला.