अशक्य मागणीला काय उत्तर द्यावे?

मोबाईल कंपनीच्या हेल्पलाइनवर लोक काय काय मागतात! लाईट गेली तरी वायफाय चालू ठेवा. शेजारी सिक्सर आधी दिसते, आमची मॅच जरा पुढे आणा. मॅचवाल्याला मी वेडा म्हणणार नाही. नेटवरचे चित्र डिशपेक्षा काही सेकंद मागे असतेच, हे समजावले की त्याचे समाधान होते.

पण एकदा जालन्याकडून एका काकांचा फोन आला. "ताई, आमच्या मंडळीचा नंबर बंद लागतोय. महिना झाला ती जाऊन. तुम्ही कंपनीतून लावून बघा ना, आतून लागत असेल."

अशा वेळी आमच्याकडे वाक्य तयार असते: तक्रार नोंदवली आहे, क्रमांक लिहून घ्या. प्रत्येक कॉलचा वेळ मोजला जातो, त्यामुळे ही सवय सगळ्यांनाच लागते. माझे काही सहकारी तर याला करुणा म्हणतात. म्हाताऱ्याला तेवढाच दिलासा. दुःखी माणसाशी दिलाशासाठी खोटे बोलावे का? मला ते पटत नाही.

लहानपणी विहारात किसा गौतमीची गोष्ट ऐकली होती. मेलेले मूल कडेवर घेऊन ती श्रावस्तीत दारोदार औषध मागत होती. लोकांनी तिला वेडी ठरवले. बुद्धांनी सांगितले, ज्या घरात कधी कुणी मेले नाही तिथून मोहरी आण. हीसुद्धा खोटी आशाच नव्हती का, असे एका सहकाऱ्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पण ती अट गौतमीला स्वतः तपासून पाहता येत होती, आणि तपासताना प्रत्येक दारात तिला आपल्यासारखेच कुणाला तरी गमावलेले माणूस भेटले. तक्रार क्रमांक घेतलेला माणूस मात्र घरात एकटाच वाट पाहत बसतो.

काकांना मी सांगितले, आतूनही लागणार नाही. नंबर ठेवायचा असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि वारस म्हणून तो आपल्या नावावर करून घ्या. कायमचा बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो. मग घरी कोण कोण आहे ते विचारले. काका बराच वेळ बोलले.

या कामावर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: अशा फोनला तक्रार क्रमांक देऊ नका. होणार नाही, हे स्पष्ट सांगा आणि समोरचा बोलेल तेवढा वेळ लाइनवर थांबा.