पत्ता सांगणारं गाणं

हिपहॉपच्या जन्माची नोंद घर नंबरासकट मिळते: 1520, सेज्विक अव्हेन्यू, ब्राँक्स, न्यूयॉर्क. तारीख 11 ऑगस्ट 1973. शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून सिंडी कॅम्पबेलने तिथे पार्टी ठेवली आणि रेकॉर्डी वाजवायला थोरल्या भावाला बसवलं. जमैकाहून आलेला हा भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क. गायक थांबतो आणि नुसता ड्रम वाजतो त्या काही सेकंदांतच पोरं खरी नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटूनपालटून लांबवत राहिला. आपल्या गायकीच्या घराण्यांनाही गावांची नावं आहेत, पण किराणा गाणाऱ्याने किराणा पाहिलेलं असेलच असं नाही. रॅपरला मात्र स्वतःच्या गल्लीतून सुटका नसते.

मला हे वेड लागलं ते हार्बर लाइनवर. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर ‘आफत’ हे गाणं केलं ते 2014 मध्ये. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबरचं ‘मेरे गल्ली में’ आलं. तोवर कुर्ला म्हणजे माझ्या लेखी पनवेल लोकल सोडून मेन लाइनची गाडी पकडायची जागा. इथे माणसं राहतात, आणि त्यांना त्याचा तोरा आहे, हे मला त्या गाण्यांनी दाखवलं.

पनवेलकराकडे तो तोरा नाही. कुठे राहता विचारलं की तो आधी ‘नवी मुंबई’ म्हणतो, फारच खोदून विचारलं तर पनवेल. 1852 पासून नगरपालिका असलेलं गाव, 2016 मध्ये रायगड जिल्ह्यातली पहिली महापालिका झालेलं. पण जगाच्या दृष्टीने ते पुण्याला किंवा गोव्याला जाताना वाटेत लागतं, एवढंच. सेज्विक अव्हेन्यूची ती इमारतही वस्त्या फोडून काढलेल्या महामार्गाजवळच उभी आहे. दोन मोठ्या गोष्टींमधला, कुणी लक्ष न देणारा तुकडा उचलायचा आणि त्यावरच रात्र काढायची, ही हर्कची रीत मला आजही पुरते. आता मी पहिल्याच फटक्यात ‘पनवेल, जिल्हा रायगड’ सांगतो.

या गाण्यातलं सगळंच पटतं असं नाही. गाड्यांच्या बढाया कंटाळा आणतात आणि बायकांबद्दलचं बोलणं ऐकवत नाही; तिथे मी सरळ पुढचं गाणं लावतो. ‘हे तर आपल्या शाहिरीत होतंच’ असं सांगणारेही भेटतात. असेल. पण अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो तेव्हा शाहिरांचा दाखला जोडल्याशिवाय आपल्याला तो मोठा का वाटू नये?

पनवेलचं रॅप आगरी बोलीतच हवं. माझ्या वयाला ते झेपायचं नाही. पण मालमसाला तयार आहे: नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांची नुसती नावंच एका दमात घेऊन पाहा. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे. ठेका आपोआप बसतो.